आमच्याकडे तसलं काही नाही

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. त्यांनी आपल्या देशातल्या गुलामांना मोकळं केलं, त्याचं कौतुक म्हणून. एवढं आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचं मला हवानात गेल्यावर कळलं. पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात होती त्या वर्षी, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, क्युबात गुलामगिरी कायदेशीर होती. पुढे आणखी तेरा वर्षं ती राहिली. १८८६ मध्ये स्पेनच्या राजवटीने ती एकदाची संपवली. आणि त्या मळ्यांतली साखर जायची कुठे, तर मुख्यतः त्याच सदाचारी लोकांच्या देशात.

२०१८ साली मी परदेशात एमए करत होते आणि एका सत्रासाठी आमची रवानगी हवानाला झाली. अभ्यासक्रमाचं नाव भारदस्त होतं: क्रांतीनंतरच्या समाजातला वंश, लिंगभाव आणि सामाजिक बदल. घरी फोनवर आईला एवढंच सांगितलं की क्युबाला जातेय. ‘तिथे काय आहे?’ या प्रश्नाला मी ‘ऊस’ म्हणाले, आणि तिचं समाधान झालं. आमचं गाव ऊसपट्ट्यातलं. दिवाळी झाली की कोप्या पडणार, बैलगाड्या येणार, पहाटे थंडीत ऊसतोडीच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रकच्या फळीवर चढणार, हे बघतच आम्ही मोठे झालो.

क्युबातला ऊस मात्र वेगळ्या रक्ताचा. हवानाच्या पूर्वेला मातान्सास प्रांतात त्रियुन्विरातो नावाचा जुना साखर कारखाना आहे. १८४३च्या नोव्हेंबरात तिथल्या गुलामांनी बंड केलं आणि त्याच्या पुढाऱ्यांत कार्लोता नावाची एक बाई होती. योरुबा वंशाची, आफ्रिकेतून आणलेली. बंड चिरडलं गेलं, तिला मारून टाकलं. तिथल्या स्मारकात तिच्या हातात उसाचा कोयता आहे. आमच्या वर्गातली अमेरिकन मुलं तिचे फोटो काढत होती. मला तो कोयता ओळखीचा वाटत होता, कारण आमच्याकडे ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाची उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि बायको त्या एका कोयत्यात जमा होते. कार्लोताच्या नावाने निदान एक अख्खी लष्करी मोहीम तरी झाली. १९७५ साली क्युबाने आफ्रिकेतल्या अंगोलात, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या फौजांविरुद्ध सैन्य पाठवलं, त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन कार्लोता’. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत तीन लाखांहून जास्त क्युबन सैनिक तिकडे गेले, आणि १९९१च्या जुलैत मंडेला आभार मानायला आले ते याच मातान्सासला. क्युबन माणूस हे सगळं छाती फुगवून सांगतो, आणि त्याने ते सांगावंच.

पण आफ्रिकेतल्या काळ्या माणसासाठी लढणं सोपं, घरातल्या काळ्या माणसाबद्दल बोलणं अवघड. हे मला सगळ्यात आधी कळलं ते माझ्या घरमालकिणीकडे.

त्यांना मी काकू म्हणायचे. वेदादो भागात, विद्यापीठाच्या पायऱ्यांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर त्यांचं घर. उंच छताचं, हिरव्या झिलमिलीच्या खिडक्यांचं, आणि दोन खोल्या परदेशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. काकू गोऱ्या, सत्तरीच्या. १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रोंनी हुकूमशहा बातिस्ताला हटवून क्रांती केली, आणि १९६१ साली त्या क्रांतीने अख्खा देश वर्षभरात साक्षर करायचं ठरवलं, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. सुमारे एक लाख पोरं-पोरी शहरं सोडून डोंगराळ खेड्यांत शिकवायला गेली, आणि त्यात निम्म्याहून जास्त मुली. ज्या काळात हवानातल्या बऱ्या घरची मुलगी सोबतीशिवाय सिनेमालाही जात नसे, तो हा काळ. आईबापांनी परवानगीच्या कागदावर सही करायची होती. काकूंच्या वडिलांनी पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर आईने गुपचूप सही केली. मग गणवेश, झोळणा, रॉकेलचा चिनी कंदील, ‘व्हेन्सेरेमोस’ नावाचं अंकलिपीवजा पुस्तक घेऊन पोरगी निघाली ती थेट पूर्वेकडच्या ओरिएंते प्रांताच्या डोंगरात. दिवसा त्या कुटुंबाबरोबर कॉफीच्या मळ्यात काम, रात्री कंदील लावून अक्षरं. घरातला बाप चाळिशीचा, काळा, त्याने आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. काकू म्हणायच्या, ‘तो पेन्सिल अशी दाबायचा की कागद फाटायचा. मी त्याचा हात हातात धरला. माझ्या घरी कुणी काळ्या पुरुषाचा हात धरलेला मी बघितला नव्हता.’

त्या वर्षी सात लाखांहून अधिक लोक लिहायला-वाचायला शिकले. निरक्षरांचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकाने फिडेल कॅस्ट्रोंना एक पत्र लिहायचं होतं. बातिस्ताच्या जुन्या लष्करी छावणीत आता शाळा आहेत, आणि तिथल्या साक्षरता संग्रहालयात ती पत्रं जपून ठेवली आहेत. मी ती बघितली. पेन्सिलीचं मोठं, थरथरतं अक्षर, ओळ सोडून वर चढलेलं. सरकारी प्रचाराला मी सहजासहजी भुलत नाही, पण त्या कागदांपुढे टिंगल करायची हिंमत होईना.

तर अशा या काकू. त्यांना मी वंशभेदाबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, ‘इथे तसलं काही नाही. ते क्रांतीने संपवलं.’ आणि हे बोलत असताना मागे त्यांच्या फरशीवर पोछा फिरवणाऱ्या बाई काळ्या होत्या, आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवायच्या.

म्हणजे पूर्वी शिकवायच्या. ही उलटापालट कशी झाली हे समजून घ्यायला १९५९च्या मागे जावं लागतं आणि पुढेही. क्रांतीआधीचा क्युबा काही कमी नव्हता. सांता क्लारा शहरातल्या मुख्य बागेत संध्याकाळी फिरायच्या दोन वाटा होत्या, एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. समुद्रकिनारे क्लबांच्या मालकीचे. खुद्द हुकूमशहा बातिस्तालाही, अंगात मिश्र रक्त म्हणून, हवानाच्या यॉट क्लबने सभासद करून घेतलं नव्हतं असं सांगतात. १९५९च्या मार्चमध्ये फिडेलनी भर सभेत हा विषय काढला, नोकरीतला भेदभाव ही लाजिरवाणी गोष्ट आहे म्हणाले. किनारे उघडले, शाळा उघडल्या, दवाखाने फुकट झाले. परिणाम आकड्यांत दिसतो: १९८१च्या सुमारास गोऱ्या आणि काळ्या क्युबन माणसाच्या आयुर्मानात फरक उरला होता जेमतेम एका वर्षाचा. त्याच काळात अमेरिकेत तो सहा वर्षांच्या आसपास होता. मी हा आकडा वर्गातल्या अमेरिकन मुलांपुढे मुद्दाम दोनदा वाचला.

घोटाळा पुढे आहे. १९६२ पर्यंत सरकारने जाहीर करून टाकलं की वंशभेद संपला. संपलेल्या गोष्टीवर बोलायचं कारण उरत नाही. काळ्या लोकांची स्वतःची मंडळं, क्लब, वाचनालयं होती, ती आता गरजच काय म्हणून बंद झाली. यानंतर जो कुणी विषय काढेल तो फूट पाडणारा. ही युक्ती क्रांतीने शोधलेली नाही, बरं का. १९०८ साली स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांनी एव्हारिस्तो एस्तेनोस यांच्या पुढाकाराने स्वतःचा पक्ष काढला. दोन वर्षांत एका रंगाच्या लोकांचे पक्ष काढायला बंदी करणारा कायदा आला. तो मांडणारा सिनेटर मोरुआ देल्गादो स्वतः काळा. १९१२ मध्ये पक्षाच्या लोकांनी विरोधात उठाव केला तर लष्कराने ओरिएंतेत हजारोंची कत्तल केली. ‘जातीचं नाव काढणाराच खरा जातीयवादी’ हे वाक्य आपण किती ऐकतो! तेच वाक्य तिथे कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं आणि नंतर बंदुकीच्या.

मग सोव्हिएत संघ कोसळला. १९९०च्या दशकात क्युबात अन्नाची, तेलाची, विजेची भीषण टंचाई झाली आणि १९९३ मध्ये डॉलर बाळगणं कायदेशीर करावं लागलं. डॉलर येणार कुठून? मायामीतल्या नातेवाइकांकडून. आणि क्रांतीनंतर मायामीला गेलेले बहुतांशी गोरे. दुसरी वाट पर्यटनाची. तिथे जाहिरातीत अट असायची ‘बुएना प्रेसेन्सिया’, म्हणजे दिसायला छाप पाडणारं व्यक्तिमत्त्व. ते कुठल्या रंगाचं असावं हे लिहायची गरज नसायची. तिसरी वाट घरातल्या खोल्या भाड्याने देण्याची. त्यासाठी वेदादोत उंच छताचं घर असायला हवं, आणि अशी घरं कुणाकडे होती हे सांगायला नको. सरकारने एकही भेदभाव करणारा कायदा केला नाही. सगळा जुना उतार तसाच होता, पाणी आपोआप जुन्या वाटेने गेलं.

मी होते तेव्हा सरकारी नोकरीतला सरासरी पगार महिन्याला तीस डॉलरच्या आसपास. तेवढं काकूंना एखाद्या पर्यटकाकडून एका रात्रीत मिळायचं. बाईंनी गणित केलं. शाळा सोडली आणि तीन घरची कामं धरली. त्या हे हसत सांगायच्या: ‘भागाकार शिकवून पोट भरत नव्हतं, फरशी पुसून भरतं.’

काकू बाईंशी वाईट वागायच्या असं मुळीच नाही. सकाळी दोघी एका टेबलावर बसून एकाच भांड्यातली कॉफी घ्यायच्या, येता-जाता गालाला गाल लावायच्या. हे मी डोळे फाडून बघायचे, कारण माझ्या आजीकडे ऊसतोडीच्या बायकांना चहा मिळायचा तो गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातल्या कपातून, आणि तो कप त्यांनीच विसळून ठेवायचा. आजीही म्हणायची, ‘आमच्यात तसलं काही नाही.’ विटाळ नसलेला भेद कसा असतो हे मला क्युबात बघायला मिळालं. शिवायला, जेवायला, शेजारी राहायला, नाचायला काही अडचण नाही. अडचण सुरू होते लग्नाशी आणि केसांशी.

काकूंच्या मुलाची मैत्रीण काळी होती, डॉक्टर. काकू तिच्यावर जीव टाकायच्या, पण नातवंडांचा विषय निघाला की म्हणायच्या, ‘केस माझ्यासारखे आले म्हणजे झालं.’ तिथे उजळ माणसाशी लग्न करण्याला ‘वंश पुढे नेणं’ म्हणतात, आणि हे काळी आजीसुद्धा नातीला सांगते. बाई दर रविवारी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचे केस सरळ करायला बसायच्या. स्वयंपाकघरात गॅसवर लोखंडी कंगवा तापत ठेवलेला, केसांना खोबरेल, मुलगी मान वाकडी करून स्टुलावर. कंगवा फिरला की चर्र आवाज आणि जळका वास. मुलगी रडली नाही, फक्त स्टुलाची कड घट्ट धरून होती. मी विचारलं, कशाला? बाई म्हणाल्या, शाळेत सोमवारी गॅदरिंगसारखं काही आहे, पुढच्या रांगेत उभं करतात तेव्हा केस चांगले हवेत. वंशभेद संपला असं पुस्तकातून शिकवणाऱ्या शाळेत या मुलीची आई कधी काळी दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवत होती. आणि आपण तरी? ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ छापून येणाऱ्या देशातून मी गेले होते.

माझा स्वतःचा रंग हाही एक प्रश्नच होता. तिथे रंगाला डझनभर नावं आहेत. काळ्या कातडीच्या पण सरळ केसांच्या माणसाला ‘मोरो’ म्हणतात, म्हणून मी ‘मोरा’. एका संध्याकाळी एका मोठ्या हॉटेलात मैत्रिणीला भेटायला गेले. माझ्यापुढच्या दोन जर्मन मुली विनाचौकशी आत गेल्या, मला दारावरच्या माणसाने हात आडवा करून थांबवलं. क्युबन नागरिकाला या हॉटेलांत उतरायची परवानगीच मुळी २००८ मध्ये मिळाली, पण एकटी सावळी तरुणी संध्याकाळी हॉटेलात शिरतेय म्हणजे ती गिऱ्हाईक शोधणारीच, हा हिशेब दारावर कायम होता. मी इंग्रजीत बोलायला लागले तसा त्याचा चेहरा पालटला, माफी मागितली. तो माणूसही काळाच. बाईंना सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ‘तुझ्याकडे इंग्रजी होतं,’ एवढंच म्हणाल्या आणि बादली उचलली.

बायकांच्या बाबतीत क्रांतीचा हिशेब वेगळा लागतो, आणि मला वाटतं, खरा अभ्यासाचा विषय हा फरकच आहे. १९६०च्या ऑगस्टमध्ये क्युबन स्त्रियांचा महासंघ स्थापन झाला. व्हिल्मा एस्पिन त्याच्या प्रमुख, त्या २००७ मध्ये जाईपर्यंत. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी रात्रशाळा निघाल्या, त्यातल्या कितीतरी जणी पुढे बँकेत, टॅक्सीवर दिसू लागल्या. डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या मुलींना हवानात आणून शिवण शिकवलं आणि राहायची सोय केली ती बड्या हॉटेल नॅशनलमध्ये. पाळणाघरं, १९६५ पासून सरकारी रुग्णालयात मोफत गर्भपात. १९७५च्या कुटुंब संहितेत तर स्पष्ट लिहिलं की घरकाम आणि मुलं ही दोघांचीही जबाबदारी, आणि ती कलमं लग्न लावताना वाचून दाखवायची. मी होते तेव्हा संसदेत निम्म्याहून जास्त बायका होत्या.

काकूंचे यजमान निवृत्त इंजिनिअर. दुपारभर गल्लीत डॉमिनो. रेशनच्या पावाच्या रांगेत काकू, बोदेगात, म्हणजे रेशनच्या दुकानात, तांदूळ-साखर आली का बघायला काकू, ‘शेवटचा कोण?’ म्हणून हाक देऊन आपला नंबर धरणाऱ्या सगळ्या बायका. संहितेचं विचारलं तर म्हणाल्या, ‘फिडेलनी लिहिलं खरं, पण भांडी कोण घासतंय ते बघायला घरी आले नाहीत.’ २०१६च्या राष्ट्रीय पाहणीतही तेच निघालं: बिनपगारी कामात बायका आठवड्याला पुरुषांपेक्षा सुमारे चौदा तास जास्त घालतात.

पण बघा, हे चौदा तास कुणीतरी मोजले. स्त्रियांच्या प्रश्नाला कार्यालय होतं, मासिक होतं, पगारी माणसं होती. रंगाच्या प्रश्नाला यातलं काहीच नव्हतं. वंशभेदाविरुद्धचा सरकारी कार्यक्रम मंजूर झाला तो थेट २०१९च्या नोव्हेंबरात. कार्यालय असलं की सगळं आलबेल, असंही मी म्हणणार नाही. पत्रकार आणि माध्यमांतल्या बायकांनी १९९३ मध्ये ‘माहीन’ नावाचा स्वतंत्र गट काढला, तर तीन वर्षांत सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने तो गुंडाळायला लावला: महासंघ आहे ना, मग तुम्ही कशाला? २०१९च्या मे महिन्यात समलिंगी कार्यकर्त्यांनी परवानगीशिवाय हवानाच्या प्रादो रस्त्यावर मोर्चा काढला तेव्हा त्यातल्या काहींना पोलिसांनी उचललं. सरकारचं म्हणणं एकच: बोलायचं ते आमच्या दारातून.

समलिंगी लोकांचा इतिहास तर काळाच आहे. १९६५ ते ६८ या काळात त्यांना आणि ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाच्या माणसांना सक्तीच्या श्रमछावण्यांत धाडलं होतं. २०१० मध्ये फिडेलनी त्या अन्यायाची जबाबदारी स्वतःवर घेतली. मी पोहोचले तेव्हा नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर गल्लोगल्ली सभा चालू होत्या. अडुसष्टावं कलम विवाहाची व्याख्या ‘दोन व्यक्तींमधला’ अशी करत होतं, आणि सगळी चर्चा त्याच्याभोवती. आमच्या गल्लीतली सभा रस्त्यातच झाली, घराघरातून खुर्च्या आल्या. पेन्शन, वीज, राष्ट्राध्यक्षांचं वय यावर माणसं जांभया देत होती. अडुसष्ट म्हटल्यावर डॉमिनो थांबला. ‘देवाने घडवलेलं कुटुंब’ अशी पत्रकं दारांवर चिकटवणाऱ्या चर्चची माणसं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला आमच्या बाई. त्या उठल्या आणि म्हणाल्या की त्यांचा भाऊ आणि त्याचा जोडीदार वीस वर्षं एकत्र राहतात, उद्या भाऊ गेला तर खोली कुणाच्या नावावर होणार तेवढं सांगा. साधा, हिशेबी प्रश्न. कुणाला उत्तर देता येईना. डिसेंबरात ते कलम मसुद्यातून काढलं. मात्र २०२२च्या सप्टेंबरात नव्या कुटुंब संहितेवर सार्वमत झालं आणि सुमारे सदुसष्ट टक्क्यांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. मला वाटतं, त्या खुर्च्यांवरच्या भांडणांचा त्यात वाटा होता. रंगाच्या प्रश्नावर अशा खुर्च्या कधी मांडल्याच गेल्या नाहीत.

त्या सार्वमतात बाईंचं मत नव्हतं. निकाराग्वाने २०२१च्या नोव्हेंबरात क्युबन लोकांना व्हिसा माफ केल्यावर लाखो माणसं त्या वाटेने उत्तरेला निघाली, त्यात त्याही मुलीला घेऊन गेल्या. आता फ्लोरिडात एका म्हाताऱ्या बाईंची सेवा करतात, आठवड्याचा पगार क्युबातल्या वर्षाच्या पगाराहून मोठा. काकूंचं घर पुसायला नवी बाई आली आहे, तीही शिक्षिका होती का ते मी विचारलं नाही.

परवा बाईंशी बोलताना जनगणनेचा विषय निघाला. क्युबाच्या २०१२च्या जनगणनेत ६४ टक्क्यांहून जास्त लोक गोरे निघाले होते, त्यावर त्या नेहमी हसायच्या: ‘इतके गोरे राहतात कुठे?’ पुढची २०२२ मध्ये व्हायची होती, ती लांबली. मी म्हटलं, आमचीही २०२१ची लांबली, आता २०२७ मध्ये होणार आहे, आणि यावेळी सगळ्यांची जात लिहून घेणार आहेत. त्यांनी सविस्तर विचारलं: म्हणजे माणूस दारात येणार, आणि तुमची जात काय म्हणून तोंडावर विचारणार? हो म्हटलं.

‘आणि घरातल्या सगळ्यांचं उत्तर देणार कोण?’

‘जो दार उघडेल तो.’

‘म्हणजे बायको,’ बाई म्हणाल्या, आणि मग मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.